शेवटच्या दोन ओळी

कौसाताई गेल्याची बातमी कौसाताईंच्याच नंबरवरून आली. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. माझा पेपर वाचून झाला होता आणि आमच्या कवितेच्या व्हॉट्सॲप गटावर रात्रीतून कोणी काय टाकलं आहे ते मी बघत होतो. सेवानिवृत्त मराठी शिक्षकाला सकाळी तेवढंच काम असतं. तेवढ्यात त्यांच्या नावाखाली चार ओळी उमटल्या, एकाखाली एक. ‘आई आज पहाटे गेली / दुपारी एक वाजता माती आहे / आईचे कवितावाले लोक / सगळ्यांना कळावे.’ मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तोवर सुलतानपूरचे आमचे देविदासराव, ज्यांचं बी-बियाण्याचं दुकान आहे आणि गिऱ्हाईक नसलं की जे दिवसाला दोन गझला पाडतात, त्यांनी खाली लिहून टाकलं होतं, ‘व्वा ताई! अत्यंत हृदयस्पर्शी रचना.’ पुढे तीन गुलाब. त्यांच्या मागोमाग आणखी एकाने टाळ्या वाजवल्या. मग कोणीतरी भीत भीत विचारलं, ‘ही कविताच आहे ना?’ आणि गट एकदम गप्प झाला.

मी देविदासरावांना तिथल्या तिथे फोन करून झापलं. डोळे फुटले होते का, माणूस मेल्याची बातमी आणि कविता यांतला फरक कळत नाही का, असं बरंच बोललो. बिचारे रडकुंडीला आले. सर, ताई नेहमी अशाच तुटक ओळींत लिहीत, मला काय माहीत, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मी फोन ठेवला. झापायचा मला काडीचाही अधिकार नव्हता. देविदासरावांनी जी चूक एका मिनिटात केली, तीच मी दोन महिन्यांपूर्वी सावकाश, विचारपूर्वक, चार वेळा वाचून केली होती. देऊळघाट बुलढाण्याहून असं किती लांब आहे? पण मी मातीला गेलो नाही. बायकोला सांगितलं, ऊन फार आहे, बीपी वाढेल. ती एकदा माझ्याकडे बघून आत गेली.

या पुरवणीच्या संपादकांना कौसाताईंच्या दोन-तीन कविता कुठून तरी मिळाल्या. मातीतल्या प्रतिभेवर काहीतरी लिहा, तुम्हीच त्यांना घडवलंत म्हणे, असा त्यांचा फोन आला. घडवलं... हो, तेच सांगायला बसलो आहे. गटाचं नाव मुद्दाम देत नाही. त्यात साठ-सत्तर साधी माणसं आहेत. कोणी पोस्टात आहे, कोणी अंगणवाडीत, कोणी दुकान चालवतं. एकमेकांच्या कविता वाचतात, धीर देतात, कोणाचं कधी छापून आलं तर पेढे वाटल्यासारखी पोस्ट टाकतात. त्यांनी काही केलेलं नाही. जे केलं ते मी केलं.

कौसाताईंची आणि माझी गाठ आठवडी बाजारात पडली. सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, घ्यायला मी वाकलो, तर जुड्यांच्या ढिगाशेजारी एक शंभरपानी वही उलटी ठेवलेली. मास्तराची जात, मला राहवेना. विचारलं, हिशेब का? तर ही पन्नाशी ओलांडलेली, कपाळावर मोठं गोंदण असलेली बाई चक्क लाजली. नाही म्हणाली, असंच काहीबाही. मी वही मागितली. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, ‘सांबाराची जुडी बांधतानी / माय आठवते / तिचेबी केस / एवढ्याच मुठीत मावत.’ मी ती सांबाराची जुडी हातात धरून बाजारात उभाच राहिलो. चाळीस वर्षं मी कविता शिकवल्या, एक संग्रह स्वतःच्या खर्चाने छापला, पण असं काही माझ्या हातून उतरलेलं नाही. हे मी तेव्हा कबूल केलं नाही. मी म्हणालो, छान आहे, फक्त ‘बांधतानी’ नाही, ‘बांधताना’ हवं, आणि ‘तिचेबी’ नाही, ‘तिचेही’. त्यांनी तिथल्या तिथे, माझ्याच पेनाने दोन्ही शब्द दुरुस्त केले. मग मी त्यांचा नंबर घेतला आणि संध्याकाळपर्यंत त्या गटात आल्या.

गटाचे नियम मी केलेले होते आणि त्यांचा मला अभिमान होता. सुप्रभात नाही, देवांचे फोटो नाहीत, वाढदिवस नाहीत, लग्नपत्रिका नाहीत, राजकारण तर नाहीच. इथे फक्त कविता आणि कवितेवरचा अभिप्राय. दर रविवारी मी ‘आठवड्याची कविता’ निवडत असे आणि निवडलेल्याला गुलाबी किनारीचं डिजिटल प्रमाणपत्र पाठवत असे, वर वीणा, खाली माझी सही. आमच्या देविदासरावांनी अशी चौदा प्रमाणपत्रं मिळवली आहेत आणि चौदाही त्यांच्या दुकानात युरियाच्या भावफलकाशेजारी लावलेली आहेत. हसू नका, हौशी माणसाला कोणीतरी ‘वा’ म्हणावं लागतं. मलाही लागतं.

कौसाताईंना मात्र ‘वा’ म्हणताच येत नसे. टाइप करणं त्यांना जमायला वेळ लागला, तोवर त्या बोलून अभिप्राय पाठवत. त्या बोलण्यात मागे कुठेतरी विहिरीवरच्या मोटारीचा आवाज, बकरी, शेजारणीची हाक असं सगळं यायचं. आणि अभिप्राय म्हणजे काय, तर प्रश्न. कोणी दुष्काळावर लिहिलं, तर त्या विचारायच्या की मग त्या बैलाला शेवटी पाणी मिळालं का. कोणी सासरी निघालेल्या लेकीवर लिहिलं, तर ती पोरगी जेवून निघाली होती की उपाशी. प्रतिमा, लय, आशय यातलं त्यांना काही कळत नव्हतं असं आम्ही धरून चाललो होतो. आमचा आणखी एक चौघा-पाचांचा लहान गट होता, जाणकारांचा म्हणा. तिथे मी त्यांचे आवाज पुढे पाठवत असे आणि आम्ही हसत असू. ‘कौसाताईंचा प्रश्न’ हा आमच्यात शब्दच पडला होता. एखादी कविता फार भावुक झाली की कोणीतरी लिहायचं, आता यावर कौसाताईंचा प्रश्न काय असेल ओळखा. हेही मी लिहून ठेवतो. काही लपवायचं नाही असं ठरवून बसलो आहे.

माझी एक कविता आहे, ‘उंबरा’ नावाची. गावात एकटी राहिलेली म्हातारी, संध्याकाळी उंबऱ्यावर बसून रस्त्याकडे बघते आहे. तिला एका संमेलनात बक्षीस मिळालं होतं आणि मी ती कुठल्याही निमित्ताने वाचून दाखवतो. गटावर टाकली तेव्हा साठ अभिप्राय आले, सगळे निःशब्द झाल्याचे. एकट्या कौसाताईंनी आवाज पाठवला. त्या म्हणाल्या, “सर, कविता लय चांगली हाये. मले रडू आलं. पन एक इचारू का... त्या बाईकडं गेलं का कोनी मंग?” मी हसण्याचा चेहरा टाकला आणि तो आवाज लहान गटात पुढे ढकलला. ती म्हातारी खरी होती. माझ्या आजोळची, आईची लांबची मावशी. मी तिला उंबऱ्यावर बसलेली मोटारसायकलवरून जाताना पाहिली होती. थांबलो नव्हतो. घरी येऊन कविता लिहिली होती.

एकदा त्या आमच्या घरीही आल्या होत्या, पिशवीभर वांगी आणि पालक घेऊन. मी माझ्या खोलीत त्यांना वृत्तं समजावून सांगू लागलो, तर दहा मिनिटांत त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बायकोशी तास-दीड तास बोलत बसल्या. बायकोच्या दुखऱ्या गुडघ्यापासून आमचा मुलगा बंगळुरूहून फोन करतो की नाही इथपर्यंत सगळं त्यांना त्या तासाभरात कळलं. ज्यांच्या कविता मी तीन वर्षं वाचत होतो, त्यांच्या घरचं मला काहीच माहीत नव्हतं. नवरा वारलेला, एक एकर ओलिताची पट्टी, एकच मुलगी, अमडापूरला दिलेली, हे मला बायकोकडून कळलं. त्या गेल्यावर बायको म्हणाली, तुमच्या गटातलं हे एक माणूस माणसासारखं आहे. मी म्हटलं, कविता मात्र अजून कच्ची आहे.

नियमावरून मी त्यांना एकदाच बोललो, पण चांगलंच बोललो. त्यांच्या मुलीला, रेखाला, मुलगा झाला तेव्हा त्यांनी बाळाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, सगळ्यांनी बारशाला या. माझं त्या दिवशी डोकं फिरलेलं होतं. कोणीतरी आधीच गणपतीचा फोटो टाकून गेलं होतं. मी सगळ्यांसमोर लिहिलं, ‘कौसाताई, हा कौटुंबिक गट नाही. इथे फक्त कविता. आपलं काही सांगायचं असेल तर कवितेतून सांगा.’ हे वाक्य मला तेव्हा फार सुबक वाटलं होतं. देविदासरावांनी त्याखाली शाबासकीचा अंगठाही टाकला होता. कौसाताईंनी फोटो काढून टाकला आणि लिहिलं, ‘माफ करा सर. चुकलं. आता असं करनार नाही.’ त्यांनी शब्द पाळला. त्यानंतर त्यांनी गटावर कविता आणि कवितेवरचे अभिप्राय सोडून एक अक्षर टाकलं नाही.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांचे आवाज येणं कमी झालं. मला ते जाणवलं नाही, हे खरं. दोनदा बाजारात त्यांची जागा रिकामी दिसली, तेव्हा वाटलं, माल नसेल. मग एका दुपारी त्यांची कविता आली. ती जशीच्या तशी देतो, एकही शब्द दुरुस्त न करता.

दोन महिने झाले
बाजारात गेली नाही
पोटातलं दुखनं
डॉक्टरनं मोठं सांगतलं
वांगे वायून राह्यले
पानी देनारं कोनी नाही
फोन पाह्यते, मंग ठेवते
चहाचं आधन टाकते
अन् दोन कप काढते
कोनी येऊन बसा घडीभर
मी घरीच हाये

तुम्हाला वाचताक्षणी कळलं असेल. त्या गेल्यावर मी वाचून दाखवली, तेव्हा माझ्या बायकोला अर्ध्यातच कळलं. मला कळलं नाही. मी चार वेळा वाचली आणि दरवेळी अधिक खूश होत गेलो. केवढी संयत, केवढी साधी! ‘दोन कप’ ही प्रतिमा तर मी शंभर वर्षांत सुचवू शकलो नसतो. मला वाटलं, अखेर आपल्या शिकवण्याचं चीज झालं, बाई स्वतःबाहेर पडून एका काल्पनिक एकट्या स्त्रीबद्दल लिहायला लागली. मी सविस्तर अभिप्राय लिहिला. लिहिलं की, कौसाताई, ही तुमची आजवरची सर्वोत्तम कविता. ती ‘दोन कप काढते’ इथे पूर्ण होते. शेवटच्या दोन ओळी सगळं उघड सांगून टाकतात. कवितेने मागायचं नसतं, सुचवायचं असतं. त्या दोन ओळी गाळा, बघा कविता कशी उठते.

दहा मिनिटांत कविता पुन्हा आली. नऊ ओळींची. खाली लिहिलं होतं, ‘गाळल्या सर. आता बरोबर हाये का?’

मी अंगठा टाकला.

आणि इतक्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. त्या रविवारी मी ती आठवड्याची कविता म्हणून निवडली. प्रमाणपत्र तयार केलं, गुलाबी किनार, वीणा, सही. गटावर ते टाकताना एक परिच्छेद लिहिला की संपादनाने कविता कशी बदलते याचा हा नमुना आहे, नवोदितांनी दोन्ही रूपं शेजारी ठेवून अभ्यासावीत. साठ-सत्तर माणसांनी अभ्यासली. अभिनंदनाचा पाऊस पडला. कोणी गुलाब पाठवले, कोणी लिहिलं, एकटेपण काय जिवंत उभं केलंत ताई. एकालाही वाटलं नाही की फोन करून विचारावं, ताई, बऱ्या आहात ना? वाटणार कसं? इथे फक्त कविता असतात, हे मीच त्यांना शिकवलं होतं. लाज वाटते ती याची की मला आजही, इतकं होऊनही, कविता म्हणून तो सल्ला बरोबरच वाटतो. कविता नवव्या ओळीलाच संपते. पण ती कविता नव्हतीच.

तेराव्यानंतर आठवड्याने मी देऊळघाटला गेलो. बायकोने पाठवलं म्हटलं तरी चालेल. तुम्ही जात नसाल तर मी जाते, असं म्हणून ती चपला शोधायला लागली, तेव्हा मी निघालो. शाळेच्या मागच्या गल्लीत विचारत विचारत घर सापडलं. दोन खोल्या, पुढे ओसरी. रेखा होती. आईचं सामानसुमान आवरायला थांबली होती. मी नाव सांगितलं, तर तिच्या चेहऱ्यावर राग नाही, काही नाही, एकदम ओळखीचं हसू आलं. म्हणाली, सर तुम्हीच का, आई फार सांगायची तुमच्याबद्दल. तिने हे म्हणायला नको होतं असं मला वाटलं. दोन शिव्या दिल्या असत्या तर मी सुखाने ऐकून घेतल्या असत्या.

आत भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी, ते प्रमाणपत्र होतं. कौसाताईंनी कोणाकडून तरी बुलढाण्याहून रंगीत छापून आणवलं होतं आणि प्लास्टिकच्या पाकिटात घालून खिळ्याला अडकवलं होतं. नऊ ओळी आणि खाली माझी सही. त्याच्या खालीच त्यांची बाज होती. म्हणजे शेवटचे सगळे दिवस त्या त्याच्याखाली पडून होत्या.

रेखा शांतपणे सांगत होती. दुखणं उशिरा कळलं. डॉक्टर म्हणाले, आता फार काही करता येण्यासारखं नाही, घरीच सांभाळा. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, लेकरू लहान, त्यामुळे ती आठवड्याला एकदाच येऊन जायची. आईला अमडापूरला चल म्हटलं तर आई तयार नव्हती. शेजारच्या बायका डबा देत, चौकशी करून जात, म्हणजे अगदी वाऱ्यावर होती असंही नाही. “पन तिले तुमचीच वाट होती,” रेखा म्हणाली. “मी म्हने, आई, सरायले फोन लाव ना, नंबर हाये ना तुह्याकडं. तर म्हने, फोन करून त्यायचा टाइम काऊन घ्यावा. मी कवितेत लिहून टाकलं हाये. माहे कवितावाले लोक येतीन. रोज सांजच्याला दार उघडं ठेवे. मी आली अन् दार लोटलं, तर म्हने, लोटू नको बाई, कोनी आलं तर परत जाईन.”

मग तिनेच आईची वही आणून दिली. बाजारात पाहिलेली नव्हे, तिच्यानंतरची, जाड बांधणीची. मी उघडली. त्यात त्यांच्या कविता कमी आणि आमच्या जास्त होत्या. फोनवर कविता वर सरकून जाते, मग सापडत नाही, म्हणून आई आवडलेली प्रत्येक कविता वहीत उतरवून घ्यायची, असं रेखाने सांगितलं. देविदासरावांच्या गझला होत्या. कोणाकोणाच्या मी वाचल्याही नव्हत्या अशा कविता होत्या, प्रत्येकीखाली कवीचं नाव, गाव आणि त्यांनी कधी काळी कवितेत सांगून टाकलेलं काहीबाही. ‘यांच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं, जमलं का इचारनं.’ ‘यांचे वडील आजारी.’ ‘उंबरा’ दोन पानांवर होती आणि खाली लिहिलं होतं, ‘सरांनी सांगतलं नाही.’

शेवटच्या भरलेल्या पानावर ती अकरा ओळींची कविता होती. खालच्या दोन ओळींवर एक सरळ रेघ मारलेली होती. पट्टी लावून मारली असावी, इतकी सरळ. शब्द तिच्याखालून स्वच्छ वाचता येत होते. रेखा माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिला त्या रेघेचं काही नवल वाटलं नाही. मी विचारलं, आईने या ओळी का खोडल्या ते सांगितलं का? ती म्हणाली, “हो ना. मले वाईट वाटलं होतं, मी म्हटलं राहू दे ना आई, चांगल्या तर हायेत. तर म्हने, सरायनं गाळाले सांगतलं म्हंजे बरोबरच असन. मागू नये म्हनते कवितेत.”

मग मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं, अगदी लहान गटातल्या हसण्यासकट. कवितेत सांगा असं मीच एकदा दरडावलं होतं, म्हणून त्यांनी कवितेत सांगितलं, आणि मी ते सांगणं खोडायला लावलं, हेही सांगितलं. ती ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं ते ओळखीचं हसू हळूहळू जाताना मी पाहिलं. ती रडली नाही, ओरडली नाही. ती बाजेच्या कडेच्या लाकडावर बोट फिरवत बसली. शेवटी एवढंच म्हणाली, “म्हंजे तुमाले समजलंच नाही सर?” मी म्हणालो, नाही समजलं. “आन् मले वाटे, समजलं असन पन सवड नसन.” यातलं कोणतं जास्त वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तिलाही नसावं.

मी म्हटलं, ते भिंतीवरचं प्रमाणपत्र काढून टाकूया. तिने मान हलवली. आईने लावलंय, राहू द्या, म्हणाली. मग उठून तिने चहाचं आधण ठेवलं, माझ्याकडे पाठ करून, आणि फळीवरून कप काढले. मी नको म्हणणार होतो. पण कप घेतला आणि चहा पिऊन होईपर्यंत तिथेच बसून राहिलो. संध्याकाळ होत आली होती. दार उघडंच होतं आणि गल्लीतून जाणारं प्रत्येक माणूस आत डोकावून जात होतं.

गटावर मी ती कविता अकरा ओळींची करून पुन्हा टाकली आणि खाली झालेलं सगळं लिहिलं. नियमांचा मेसेज काढून टाकला. लहान गट बंद केला. देविदासरावांना फोन करून माफी मागितली, तर ते उलट मलाच धीर देऊ लागले, सर, तुमचा हेतू वाईट नव्हता. हेतूचं काय घेऊन बसलात देविदासराव, मी म्हटलं. परवा गटावर कोणीतरी आईच्या ऑपरेशनवर कविता टाकली, तर खाली चार जणांनी कवितेबद्दल एक अक्षर न लिहिता दवाखान्याचं नाव विचारलं. बरं वाटलं. पण हे आता शिकून कौसाताईंच्या दारात कोण जाऊन बसणार आहे?

बायको म्हणते, पुरे झालं, किती दिवस स्वतःला खात बसाल. ती मला दुखवू नये म्हणून म्हणते. स्वतः मात्र तिने एकदाही म्हटलेलं नाही की तुमची चूक नव्हती.

तो फोन मी बदललेला नाही. त्यांचे आवाज त्यात आहेत, जवळजवळ सगळे, कारण हसण्यासाठी का होईना, मी ते जपून ठेवले होते. सकाळी पेपर वाचून झाला की मी एखादा लावतो. मागे मोटार चाललेली असते, बकरी ओरडते. माझ्या त्या बक्षीसपात्र कवितेवरचा आवाज मात्र मी बरेच दिवस टाळत होतो. काल लावला. कविता लय चांगली हाये, म्हणाल्या, मले रडू आलं, म्हणाल्या. मग थोडं थांबून, अगदी संकोचाने, कोणी रागावू नये अशा बेताने त्यांनी विचारलं...

“त्या बाईकडं गेलं का कोनी मंग?”